‘व्हँपायर’ आणि ‘वेताळ’: एक अर्थविचार

गियेर्मो देल तोरो यांचा ‘ब्लेड २’ (२००२) हा १९९८ च्या ‘ब्लेड’ या इंग्रजी चित्रपटाचा उत्तरभाग होय. व्हँपायरांचा संहार करणारा त्याचा नायक स्वतःच अर्धा व्हँपायर आहे. या भागात तर व्हँपायरांनाही भक्ष्य करणारी नवी जात उपजते आणि नायकाला आपल्या शत्रूंशीच संधी करावी लागते. शिकारी व सावज यांतील भेद असा पुसट होणे, हे या कृतीचे खरे बळ. पुढे अविरत हाणामारीत तो विचार खुंटतो, हे तिचे उणेपण.

लातूरच्या वर्गात ही कथा मराठीत सांगू लागले की ‘व्हँपायर’ला नेमका शब्द सापडत नाही. आपले भूत अशरीरी. ते झाडावर राहते, माणसाला धरते. त्यावर उपाय उताऱ्याचा, तलवारीचा नव्हे. आदित्य सरपोतदार यांच्या ‘थामा’ (२०२५) या हिंदी चित्रपटात अशा रक्तपिपासूंसाठी ‘बेताल’ हा शब्द योजला आहे. ‘वेतालपंचविंशती’तील वेताळ प्रेतात वसतो, एवढे साम्य मान्य केले पाहिजे. परंतु तो विक्रमाचे रक्त मागत नाही, उत्तर मागतो. गोव्यात आमोणे येथे तर बेताळ हे ग्रामदैवत आहे.

शब्द उसना घेण्याचा अधिकार चित्रपटाला आहेच. तथापि ‘वेताळ’ म्हणताच पुढील पिढीला केवळ सुळे आठवले, तर प्रश्न विचारणारा आणि गाव राखणारा हे दोन्ही अर्थ आपण गमावू. त्यापेक्षा मराठीने ‘व्हँपायर’ हाच शब्द पचवावा व वेताळाला त्याच्या स्थानी राहू द्यावे, हे श्रेयस्कर.