‘गीता प्रवचने’तील अवधानविचार : खानदेशच्या संदर्भात एक चिकित्सा

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत शिक्षा झालेले विनोबा भावे इ. स. १९३२ मध्ये धुळे येथील तुरुंगात होते. त्या वर्षी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे, त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून १९३० मध्ये चळवळीत उतरलेले साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती लिहून घेतली आणि ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. गीतेवरील भाष्य म्हणून या ग्रंथाचा गौरव पुष्कळ झाला आहे. चित्ताच्या अवधानाचा व्यावहारिक विचार म्हणून मात्र त्याची स्वतंत्र चिकित्सा होणे आवश्यक आहे.

ही निकड आजच्या परिस्थितीतून आलेली आहे. बौद्ध भिक्षुसंघाने जपलेली स्मृतिसाधना आता ‘माइंडफुलनेस’ या नावाने कार्यालयांत आणि महाविद्यालयांत शिकविली जाते. इगतपुरीच्या धम्मगिरीवरील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांत निदान शीलाचे बंधन आधी येते. एखाद्या दुपारच्या कार्यशाळेत तेवढीही अट उरत नाही. संन्याशाची साधना गृहस्थाच्या हाती देताना तिच्यातील काय ठेवावे आणि काय सोडावे, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहतो. धुळ्याच्या तुरुंगात तो उभा होताच. वक्ता ब्रह्मचारी होता. श्रोत्यांपैकी बहुतेकांना सुटकेनंतर घरी, शेतावर, दुकानात परतायचे होते.

विनोबांचे उत्तर चौथ्या अध्यायावरील प्रवचनात सापडते. कर्म म्हणजे बाहेरची क्रिया आणि विकर्म म्हणजे त्या क्रियेत ओतलेले चित्त, असा अर्थ ते करतात. गीतेच्या पारंपरिक भाष्यांत विकर्माचा अर्थ सामान्यतः निषिद्ध कर्म असा घेतला जातो. त्या दृष्टीने विनोबांचा अर्थ मूळ शब्दाला कितपत पेलतो, याविषयी मतभेद संभवतो. परंतु त्याची विचारक्षमता नाकारता येत नाही. पिंडीवर पाण्याची धार धरली आणि मनाची धार सोबत नसेल, तर तो अभिषेक होत नाही. कर्मात विकर्म मिसळले की लाकूड जळून राख व्हावी तसे कर्माचे ओझे उरत नाही, तेच अकर्म. येथे अवधान कामापासून वेगळे काढून शिकविलेले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सहाव्या अध्यायावरील प्रवचनात ते एकाग्रतेला परिमिततेची जोड देतात. आहार, निद्रा, वाणी यांना माप हवे. ते नसेल तर आसनावर बसून एकाग्रता साधणार नाही. मठातील नियमच येथे घरगुती मापात उतरविला आहे. तिसऱ्या अध्यायाच्या विवेचनात तर कर्मयोगी शेतकरी तंबाखू लावणार नाही, असे ते सुचवितात. म्हणजे काम किती लक्षपूर्वक केले एवढेच पुरेसे नाही. ते काम कोणते, हेही विचारावे लागते. आजच्या सजगतेच्या प्रशिक्षणात नेमका हा प्रश्न गळालेला दिसतो.

तथापि या विवेचनाची एक मर्यादा आहे. नवव्या अध्यायात विनोबा स्वयंपाकासारख्या नित्यकर्मालाही समर्पणाचे रूप देतात. विचार उदात्त आहे. पण तो बोलणाऱ्याच्या वाट्याला रोजची चूल आलेली नव्हती. तुरुंगाने दिनक्रम बांधून दिला होता, संसाराची तातडी बाहेर ठेवली होती.

हीच चूल दुसऱ्या बाजूने पाहण्यासाठी धुळ्यापासून शंभर किलोमीटरच्या आत, जळगावला जावे लागते. असोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी या काळात शेतीत आणि घरात राबत ओव्या रचीत होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरुणपणीच वैधव्य आले होते. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. परस्परप्रभावाचा प्रश्न येथे नाही. तुलना दृष्टीची आहे. बहिणाबाईंच्या मनाविषयीच्या कवितेत मन पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुरासारखे आहे. त्याला आवरण्याची पद्धत त्या सांगत नाहीत. हाकलले तरी ते परत येते, हे शेतकरी बाईचे निरीक्षण त्या नोंदवितात, आणि त्या नोंदीत एक प्रकारची मोकळीक आहे. संसारावरील कवितेतही तव्याचा चटका पवित्र ठरवून विसरला जात नाही. तो चटकाच राहतो.

अवधान कर्माला हलके करते, हे विनोबांचे प्रमेय बहिणाबाईंच्या काव्यात अर्धेच सिद्ध होते. जात्यावर गाणे येते, दळणारीला ते सोबत करते. दळण मात्र कमी होत नाही. साने गुरुजींच्या लेखणीने प्रवचनांतील बोलण्याची लय टिकविली, तशी सोपानदेव चौधरी यांच्यामुळे बहिणाबाईंची बोली टिकली. खानदेशातील वर्गांत हे दोन्ही ग्रंथ परिचित आहेत. २०१८ पासून येथील विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावाने ओळखले जाते. तरीही एक तत्त्वज्ञानाच्या आणि दुसरा मराठीच्या अभ्यासपत्रिकेत, असे ते वेगवेगळ्या कप्प्यांत राहिले. विकर्माची कल्पना शिकविताना जात्यावरील ओवी समोर ठेवली, तर त्या कल्पनेला प्रथमच दळणारीच्या बाजूने प्रश्न विचारला जाईल.