बुडीत राज्याचा नकाशा

जुन्या वस्तूवर घसारा धरायचा, असं मला बी.कॉम.ला शिकवलं. आमच्या मेहुण्यांना हे मान्य नाही. ते युरोपातले जुने कोरीव नकाशे जमवतात, आणि त्यांच्या हिशेबी कागद जितका पिवळा तितका भारी.

गेल्या दिवाळीत त्यांनी भिंतीवरचा ब्राबांट दाखवला. सतराव्या शतकातला, ॲमस्टरडॅमच्या ब्लाऊ घराण्याने छापलेला. तांब्याच्या पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, शाई भरून दाबायचं, मग हाताने रंगवायचं. कोपऱ्यात गुबगुबीत देवदूत. काम सुरेख, वादच नाही.

"पण हा देश आहे कुठे?" मी विचारलं.

"काही नेदरलँड्समध्ये, काही बेल्जियममध्ये. राज्य कधीच बुडालं!"

बुडीत खात्याबद्दल एवढा आनंद मी बँकेत कधी पाहिला नाही.

शेजारी रेनेलचा १७८२ चा हिंदुस्थान. ही मात्र अलीकडची नक्कल. त्याच्या नक्षीत पंडित आपल्या पोथ्या ब्रिटानियाच्या हवाली करताहेत. माझी टीका इथे आहे. रेनेल मोजणीतला पक्का माणूस. पण या पोथ्यांच्या व्यवहारात देणाऱ्याची सही कुठे आहे? नकाशा नुसता मुलूख दाखवत नाही, मालकीही सांगतो. तेव्हा नक्षी जितकी गोड, तितकी सही नीट तपासावी.

मी काही वर्षं गडचिरोलीकडे काढलेली. म्हणून चष्मा पुसून त्यात सूरजागड शोधला. सापडला नाही. एटापल्ली तालुक्यातल्या त्या डोंगरावर दर जानेवारीत ठाकूरदेवाची जत्रा भरते. माडिया मंडळी रानातून चालत येतात. त्यांच्या पायवाटा कुणी तांब्यावर कोरल्या नाहीत, तरी कुणी चुकत नाही. पण २००७ साली याच डोंगरावर ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला. त्याची हद्द मात्र काटेकोर आखलेली. आता तिथलं लोहखनिज ट्रक भरभरून खाली उतरतंय.

"सूरजागडचा एखादा साधा सर्वेक्षणाचा नकाशा घेऊन ठेवा," मी मेहुण्यांना म्हटलं.

"बिनदेवदूतांचा? त्याला काय किंमत येणार?"

"आज नाही येणार. डोंगर संपला की येईल."

मेहुणे त्या दिवशी प्रथमच भाव न सांगता गप्प बसले.