सर्वसाधारण दर

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ रोज एक कोष्टक प्रसिद्ध करते. बाजार समितीचे नाव, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि शेवटी सर्वसाधारण दर. बहुतेकजण आपल्या मालाच्या ओळीवरचा शेवटचा आकडा उचलतात आणि पुढे सरकतात. मला ही ओळ चवीने वाचायला आवडते. बाजार-संशोधनाच्या पुस्तकात प्राथमिक आणि दुय्यम माहितीच्या मधली रेघ पहिल्याच धड्यात सरळ आखलेली असते; या कोष्टकात ती नागमोडी जाते.

पुस्तक सांगते, आपण आपल्या प्रश्नासाठी जागेवर जाऊन मिळवली ती प्राथमिक माहिती. दुसऱ्याने दुसऱ्या कामासाठी आधीच जमवून ठेवली ती दुय्यम. व्याख्येत खोट नाही. पण तिचा सगळा जीव त्या ‘दुसऱ्या कामासाठी’मध्ये आहे, आणि विद्यार्थी नेमका तोच भाग घाईने ओलांडतात.

आवकेचा रकाना घ्या. बाजार समिती आवक मोजते ती काही खानदेशात किती कापूस पिकला हे आपल्याला कळावे म्हणून नव्हे. 1963च्या राज्य पणन कायद्याखाली तिला व्यवहारावर बाजार फी घ्यायची असते. जे तिच्या दप्तरातून जाते ते नोंदले जाते. इकडे जळगाव-धुळ्याचा कापूस बराचसा खेडा खरेदीत विकला जातो. व्यापाऱ्याची गाडी गावात येते, दारातच काटा होतो आणि माल थेट जिनिंगमध्ये जातो. म्हणून आवक घटलेली दिसली की ‘उत्पादन घटले’ असे लिहून मोकळे होणाऱ्याने कोष्टक पाहिले आहे, वाचलेले नाही. तोच आकडा समितीसाठी प्राथमिक आणि आपल्यासाठी दुय्यम असतो. आकडा जागचा हलत नाही, प्रश्न विचारणारा बदलतो.

केळीची गंमत आणखी वेगळी. रावेर-यावलची केळी बहुतेक यार्डाचे तोंडच पाहत नाही. कापणी बागेत होते, गाडी बांधाशी भरते. त्यात जुलै 2016मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे आवाराबाहेरच्या सौद्यावर समितीची पकड आणखी ढिली झाली. तरी केळीचा भाव रोज छापून येतोच. रावेरचा भाव जाहीर होतो. सीमेपलीकडे बऱ्हाणपूरला लिलाव होतो. एक भाव सांगितलेला, दुसरा बोलीतून निघालेला. शेजारी-शेजारी छापले की दोन्ही सारखेच वजनदार दिसतात. जाहीर भाव एक आणि हातात पडतो तो दुसरा, ही इथल्या शेतकऱ्याची जुनी तक्रार आहे. ती खरी की खोटी, हे कोष्टकाला विचारून कळणार नाही.

आणि तो शेवटचा रकाना. सर्वसाधारण दर म्हणजे सरासरी नव्हे. ज्या दराने जास्तीत जास्त माल गेला, तो दर. तो ठरवताना कुणाची तरी नजर आणि अंदाज कामी आलेला असतो. माझ्या मते या ओळीतली सर्वांत रसाळ जागा हीच. कमी आणि जास्त हे बाजाराने सांगितलेले आकडे, सर्वसाधारण हा बाजाराबद्दल कुणीतरी दिलेला अभिप्राय.

आता बागेत चला. प्राथमिक माहितीचा थाट मोठा, पण तीही भोळेपणाने घ्यायची चीज नाही. छापील प्रश्नावलीत असते, ‘आपणांस प्रति क्विंटल किती दर प्राप्त झाला?’ या प्रश्नाला शिंदखेड्याकडचा शेतकरी सरकारी माणसाला देतो तसे उत्तर देईल. ‘भाऊ, काय भाव मिळना?’ असे अहिराणीत विचारलेत, तर कट्टी, म्हणजे कपात, किती लागली, पैसे किती दिवसांनी आले, हेही ऐकायला मिळेल. तरीही बोललेल्या भावात थोडा अभिमान किंवा थोडे गाऱ्हाणे मिसळलेले असतेच. जाणता पाहणीकार म्हणून हळूच पट्टी मागतो. त्या चिटोऱ्यावर वजन, दर, कपात आणि हाती आलेली रक्कम एका नजरेत दिसते, आणि कोष्टकाला जे दिसू शकत नाही ते नेमके तिथे असते. पण पट्टी एका बागेची, एका दिवसाची. नवतीची, म्हणजे नव्या लागवडीची, पट्टी पाहून पिलांवर धरलेल्या पिलबागेबद्दल बोलता येत नाही.

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने पुण्याच्या फळबाजाराची पाहणी 1933मध्येच छापली होती. जागेवर जाऊन पाहण्याची ही वाट आपल्याकडे नवी नाही.

धुळ्याला तर साधने पारखण्याच्या विषयाचे पीठच आहे. बखरींपेक्षा अस्सल कागदांना मान देणारे इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली इथेच वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. तिथली दप्तरे इतिहासकाराला अस्सल साधने. पण जुन्या भावांसाठी एखाद्या बाजार-अभ्यासकाने तीच उघडली, तर त्याच्यासाठी ती दुय्यमच. लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा प्रश्न नव्हता. बाजार-अभ्यासकाने म्हणून राजवाड्यांकडून घ्यायचा तो निकष नव्हे, संशय.

तो संशय नसला की काय होते, याचे उदाहरण नकाशातच आहे. 1906मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. 1 जुलै 1998ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. नंदुरबारची मिरची त्याआधी धुळे जिल्ह्याच्या खात्यात मोजली जाई. जिल्ह्याचे जुने-नवे आकडे एका आलेखात जोडणाऱ्याला वाटेल, धुळेकरांनी एका वर्षात मिरची लावणेच सोडले.

जळगावच्या विद्यापीठात प्रकल्पासाठी बाजारपाहणी करणाऱ्या मुलांना एवढेच सांगेन: आधी कोष्टक वाचा, मग बागेत जा, उलट नको. कोष्टकात कुठे काय गळले आहे हे ठाऊक असेल, तरच बागेत काय विचारायचे ते सुचेल. आणि दराच्या आधी आवकेचा रकाना वाचा.