स्टेरॉइड, हाडे आणि एक परदेशी नियमावली

संधिवात, मूत्रपिंडाचे काही विकार, तीव्र दमा यांत स्टेरॉइडे मोठाच आधार देतात. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन दिले गेले आणि १९५० साली त्या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे औषध महिनोन्‌महिने पोटात गेले की हाडे झिजतात. ही झीज कशी रोखावी, याविषयी अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेची २०२२ ची नियमावली आहे. राहाता तालुक्यातील पुणतांब्यासारख्या गावातून पाहिली तर ती कितपत उपयोगी पडते, हे तपासू या.

प्रथम जमेची बाजू. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. त्यात मोडणे आणि बांधणे सतत चालू असते. स्टेरॉइडमुळे बांधणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि लघवीवाटे अधिक जाते. झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. म्हणून रोज २.५ मिलिग्रॅम वा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त घेणाऱ्याचा धोका सुरुवातीलाच मोजावा, असे नियमावली सांगते. हाड मोडेपर्यंत थांबू नये, हा तिचा गाभा आम्हांला पूर्ण मान्य आहे.

चाळिशीपुढे हा धोका ‘फ्रॅक्स’ या गणिताने काढतात. मात्रा ७.५ मिलिग्रॅमहून अधिक असेल, तर खुब्याच्या हाडाचा आकडा १.२ ने गुणायचा. समजा, दहा वर्षांतील धोका २.६ टक्के आला. गुणाकारानंतर तो ३.१२ होतो आणि ३ टक्क्यांची रेषा ओलांडून रुग्ण ‘जास्त धोक्या’त जातो. वर्गात करून पाहावे असे हे उदाहरण आहे. मात्र ही ३ टक्क्यांची रेषा अमेरिकेत आखलेली आहे. ती भारतात जशीच्या तशी लावणे शास्त्रीय नव्हे.

दुसरा आक्षेप आहाराचा. रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, असे नियमावली म्हणते. आपल्याकडेही २०२० मध्ये प्रौढांसाठीची शिफारस ६०० वरून १००० मिलिग्रॅम झाली. पण १०० ग्रॅम बाजरीत ५० मिलिग्रॅमही कॅल्शियम नसते. नाचणीत सुमारे ३५० आणि तेवढ्याच दुधात सुमारे १२० असते. पुणतांब्यातून १ जून २०१७ रोजी शेतकरी संप सुरू झाला आणि ठिकठिकाणी दूध रस्त्यावर ओतले गेले. दूध हे विकायचे उत्पन्न असलेल्या घरात रुग्णाच्या पेल्यात किती उरते, हा प्रश्न अशा नियमावलीत येत नाही. ऊन भरपूर म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाची चिंता नको, हा समजही खोटा आहे. त्याची कमतरता भारतात सर्वत्र आढळते.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर. रुग्णाला आपण स्टेरॉइड घेतो हे ठाऊक आहे, असे येथे गृहीत धरले आहे. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याच्या नोंदी भारतात आहेत. ज्याला औषधच माहीत नाही, त्याची हाडे कोण मोजणार?

मात्र हे वाचून कोणी गोळी एकाएकी बंद करू नये. शरीराची स्वतःची संप्रेरकनिर्मिती मंदावलेली असते, त्यामुळे जिवावर बेतू शकते. कमीत कमी मात्रा, तंबाखू-मिश्री वर्ज्य, चालणे, पुरेसे कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व आणि गरजेनुसार आठवड्याला एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखी गोळी, हे सारे डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येते. त्यासाठी आधी एक प्रश्न विचारायला शिकवावे लागेल: ‘डॉक्टर, या गोळीत स्टेरॉइड आहे का?’