झेलमकाठची साक्ष

इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमकाठी पोरसाचे रथ रुतले आणि भारतातील रथयुद्ध संपले, असा निकाल आपल्या इतिहासग्रंथांतून सर्रास दिला जातो. पुरावा मात्र तेवढा भार पेलत नाही. मुख्य साक्षीदार एरियन. त्याने लिहिले चार शतकांनंतर, परंतु टॉलेमीसारख्या प्रत्यक्ष सहभागी माणसाच्या आधाराने. म्हणून त्याची साक्ष त्याज्य नव्हे. तो सांगतो ते एवढेच, की पोरसपुत्राचे रथ चिखलामुळे निरुपयोगी ठरले. हा दोष पावसाचा. त्यावरून शास्त्र बदलले असे सिद्ध होत नाही. पुढे मेगास्थेनिस मौर्य सेनेच्या सहा मंडळांत रथांचे स्वतंत्र मंडळ नोंदवितो. उलट चंद्रगुप्ताकडून मिळालेल्या ५०० हत्तींचे महत्त्व सेल्युकसाने इ. स. पूर्व ३०१ मध्ये इप्ससच्या रणात ओळखले. शिकला तो परकीयच!

खरा पालट शक-कुषाणांच्या घोडदळाने घडविला. ते पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिले. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या नाण्यांवर राजा अश्वारूढ दिसतो, तो त्यानंतरच. एका पराभवाने सेना दचकते. बदलते ती दीर्घ सहवासाने. इतिहासकाराने हा भेद विसरू नये.