आकडा खरा, तारीख वेगळी

जुन्या सायकलींच्या जाहिराती तुम्ही ऑनलाइन चाळत असाल, तर हे वाक्य ओळखीचं वाटेल: ‘सिरीयल नंबरवरून कन्फर्म, 1967 ची श्विन.’ माझा आक्षेप ‘कन्फर्म’ या शब्दावर आहे. नंबर सहसा खरा असतो. पण कारखान्याने तो स्वतःच्या हिशेबासाठी ठोकलेला असतो, पन्नास वर्षांनी आपण जन्मतारीख शोधत येऊ म्हणून नाही.

शिकागोच्या श्विनचंच घ्या. 1965 पासून तिच्या नंबरातलं पहिलं अक्षर महिन्याचं आणि दुसरं वर्षाचं. ‘ए’ म्हणजे 1965, ‘बी’ म्हणजे 1966. म्हणजे ‘डीसी’ने सुरू होणारा नंबर एप्रिल 1967 चा. हे इतकं सोपं आहे की पुढे काही विचारावंसंच वाटत नाही. पण ही तारीख नंबर ठोकल्याची. नंबर सुट्या भागावर आधी ठोकला जायचा आणि फ्रेम नंतर जोडली जायची, कधी कधी बऱ्याच दिवसांनी.

याचा पुरावा खुद्द श्विननेच ठेवलाय. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हँडलखालच्या बिल्ल्यावर चार आकडे दिसू लागतात. पहिले तीन वर्षातला दिवस सांगतात, शेवटचा वर्ष. ‘1238’ म्हणजे 1978 चा 123 वा दिवस, 3 मे. आता त्याच सायकलचा नंबर वाचा. पुष्कळदा तो आधीच्या महिन्याचा निघतो. मग सायकल कधीची? दोन्ही तारखा बरोबर आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या कामांच्या आहेत. शिवाय वर्षाला एकच आकडा दिल्यामुळे दशक कुठलं, हे बिल्ला सांगत नाही. ते तुम्हाला फ्रेमकडूनच काढून घ्यावं लागतं.

फ्रेम वाचताना नंबर काय आहे याच्याआधी तो कुठे आहे ते बघा. 1952 च्या आधीच्या श्विनवर तो पेडलच्या अक्षाच्या नळीखाली सापडतो. मग तो मागचं चाक अडकतं त्या डाव्या पट्टीवर गेला, आणि 1970 च्या सुमारास हँडलखालच्या उभ्या नळीवर. पुसट झालेला आकडा चुकीचा वाचला जाऊ शकतो, जागा सहसा चुकत नाही. 1948 च्या आधीच्या सायकलींसाठी तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तेव्हाच्या नोंदी कारखान्यातल्या आगीत गेल्या.

नंतर नळ्यांचे सांधे बघा. व्हर्सिटीचे सांधे गुळगुळीत असतात, जणू एक नळी दुसरीतून उगवलीय. पॅरामाउंटच्या सांध्यांवर नक्षीदार लग असतात. व्हर्सिटीवर पॅरामाउंटचा स्टिकर कुणीही चिकटवेल. सांधा मात्र बदलता येत नाही.

इंग्लिश सायकलींत लोकांचा भरवसा मागच्या हबवर असतो. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर ‘एडब्ल्यू 62 5’ असं कोरलेलं असलं, तर तो हब मे 1962 चा. फ्रेमही तेव्हाचीच असेल, हा मात्र आपला अंदाज. चाकं बदलली जातात. रोज वापरातल्या सायकलची तर हमखास.

आता आपल्या घरांकडे येऊ. आजोबांच्या फोटोतली रॅले ‘इंग्लंडची’ होती असं घरी सांगतात का? असेलही. पण 1950 च्या दशकात पश्चिम बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅले हा कारखाना रॅले बनवत होता. नाव तेच, पण फ्रेम इथली. नॉटिंगहॅमच्या नंबरांचा तक्ता आसनसोलच्या फ्रेमला लावला, तर उत्तर मिळेलच, पण ते दुसऱ्याच कारखान्याच्या वहीतलं असेल. आणि त्या एका चुकीत आसनसोलच्या कामगारांचं काम गोष्टीतून गायब होतं. किमतीतल्या फरकापेक्षा मला हे नुकसान मोठं वाटतं.

तक्ते टाकून द्या, असं मी म्हणत नाही. ते बनवायला संग्राहकांनी हजारो फ्रेमी पालथ्या घालून बघितल्यात. पण तक्ता हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. इतिहासाचे अभ्यासक एका कागदावर निकाल देत नाहीत. कागद, शाई, हस्ताक्षर, भाषा, सगळं जुळतंय का ते बघतात. याला आपण साधनचिकित्सा म्हणतो. लोखंडालाही तीच लागू आहे.

तेव्हा जुनी सायकल हाती आलीच, तर घासकाम आणि रंग नंतर. आधी नंबर, त्याची जागा, सांधे, हब, बिल्ला, सगळ्यांचे फोटो काढा. नव्या रंगाच्या जाड थराखाली पुसट नंबर बुजतो आणि जुने स्टिकर तर कायमचे जातात. आणि विकताना ‘1967 ची’ एवढंच लिहू नका. ‘नंबर एप्रिल 1967 चा, मागचं चाक नंतरचं, रंग मूळ’ असं लिहा. घेणाऱ्याला चार शब्द जास्त वाचावे लागतील, पण त्याला नेमकं काय मिळतंय ते कळेल.