शंभर तारांचा संसार

घरातली पाच माणसं एका सुरात ठेवणं मला आजवर जमलेलं नाही. तिथे माझ्या भाच्याने नव्वदेक तारा पाळल्या आहेत. गळा साथ देईना म्हणून त्याचं गाणं सुटलं, तेव्हा त्याने संतूर धरलं. परवा आजीला ऐकवायला तो ते अर्धापूरला घेऊन आला. (मूळ काश्मिरी संतूरला २५ घोड्या आणि १०० तारा; हल्ली थोडं कुटुंबनियोजन झालंय.)

आल्या आल्या हातोडी काढून बसला. एकेका घोडीवर तीन-तीन तारा, तिघींचा आवाज एक लागला पाहिजे. एक केसभर उतरली की स्वर थरथरतो, हुडहुडी भरल्यासारखा. त्यात आमचा वैशाख! उन्हाने तार सैलावते, पंख्याने चढते. अर्ध्या तासाने आई म्हणाली, "कवाचं नुसतं ठोकायलास बाबा, वाजवायलास कवा?"

शेवटी टेबलावर ठेवून त्याने सुरुवात केली. खरं सांगतो, भांड्यांची फळी कोसळली असं वाटलं. आधीचा स्वर विरत नाही तोच दुसरा त्याच्या अंगावर. शिवाय टेबलही आपल्या परीने गाऊ लागलं. काश्मिरात सूफियाना मैफलीत हे वाद्य लाकडी घडवंचीवर ठेवून वाजवीत. शिवकुमार शर्मांनी ते मांडीवर घेतलं, ते काही लाडाने नव्हे. मांडी जादा घुमारा खाऊन टाकते. भाच्याने मांडी घातली आणि स्वर सुटे झाले.

माझी तक्रार मात्र मुळाशी आहे. तारेवर टोला पडला की स्वर जन्मल्या क्षणापासून विझू लागतो. मींड यायची कुठून? शिवकुमारांनी १९५५ साली मुंबईत वाजवलं, तेव्हाही काही जाणकारांनी हे वाद्य आपल्या रागदारीचं नव्हे असंच म्हटलं होतं. उल्हास बापटांनी (१९५०–२०१८) बाराही स्वर कायमचे लावून ठेवले, राग बदलला की हातोडी नको. मींडेचीही युक्ती काढली. सोय मोठी, धाडसही मोठं. पण रागात नसलेली तार शेजारी बसलेली असली की माझा जीव टांगणीला लागतो, कलम चुकलं की संपलं! शिवाय रागाच्याच तारा असल्या, तर न छेडलेल्याही आतून साथ देतात. माझं मत जुन्या जुळणीला.

भाच्याने मग कलम तारेवर टेकवून हलकेच घरंगळू दिलं. टोल्यांचे मणी दिसेनासे झाले, धागा तेवढा राहिला. आईने जपमाळ खाली ठेवली.

"आत्ता गायलास," ती म्हणाली.

भाचा मान खाली घालून वाजवत राहिला. इतक्यात वीज गेली. पंखा थांबला, उकाड्याने तारा उतरू लागल्या. त्याने ओशाळून हातोडी उचलली.

"ठोक बाबा," आई म्हणाली, "मी बसते."